देवचंद आबांच्या मॅकला पीसीचं कार्ड

देवचंद आबांचा जगावर विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. दूधवाला पाणी घालतो, रिक्षावाला लांबून नेतो, डॉक्टर नसलेला आजार काढतो, आणि ज्याला काहीच जमत नाही तो गोड बोलतो, असं त्यांचं मत होतं. तरुणपणी ते धुळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तेव्हापासून एक सवय हाताला चिकटली: जे आपलं, त्याच्या बुडाशी लाल ऑइलपेंटचा बारीक ठिपका. बादलीला, छत्रीला, चपलेला, एवढंच काय, कुकरच्या शिट्टीलाही. विहारातला कार्यक्रम संपला की बाहेर चपलांच्या ढिगात आबा आपली जोडी उलटी करून ठिपका बघायचे आणि मगच पाय घालायचे. त्यांच्या बायको पार्वताबाई म्हणायच्या, "मना तळपायले बी एक ठिपका लाई द्या, म्हनजे माले कोनी बदलाव नही."

पुढे ब्रश सुटला आणि कॉम्प्युटर आला. देवपुरातल्या घराच्या पुढच्या खोलीत आबांनी 'मैत्री आर्ट्स' थाटलं. लग्नपत्रिका, बॅनर, स्मरणिका, जे येईल ते. नाशिकची एक जाहिरात कंपनी गाशा गुंडाळत होती, तिच्याकडून त्यांनी एक जुना मॅक आणला. ॲल्युमिनियमचा, पुढून-मागून भोकं भोकं असलेला, उचलताना कंबर मोडेल असा डबा. गल्लीतली पोरं त्याला 'किसणी' म्हणायची. आजूबाजूच्यांचे कॉम्प्युटर एकामागून एक भंगारात गेले, पण किसणी चालत राहिली. आबांची सगळी कामं तिच्या एकाच डिस्कवर होती, आणि नक्कल दुसरीकडे कुठेही नव्हती. सून प्राची किती वेळा म्हणाली, "आबा, एक कॉपी काढून ठेवू." आबांचं उत्तर ठरलेलं, "नक्कल म्हणजे चोराला दुसरं दार."

प्राचीचा नवरा प्रशील पिंपळनेरकडे शाळेत मास्तर होता, शनिवारी घरी यायचा. प्राचीने धुळ्यातच डिझाइनचा कोर्स केलेला. की-बोर्डकडे न बघता टाइप करायची, गिऱ्हाइकाशी हसून बोलायची, वेळेवर काम द्यायची. खरं सांगायचं तर दुकान आता तीच चालवत होती. गल्लीला हे माहीत होतं. आबांनाही माहीत होतं, पण ते मान्य करायला त्यांचं तोंड वळत नव्हतं.

आणि त्यात गेल्या जयंतीला ते बॅनरचं प्रकरण झालं. आबांनी मंडळासाठी मोठं बॅनर केलं होतं, पिंपळपानांची नाजूक किनार असलेलं, जळगावला छापून आणलेलं. चौदा एप्रिलच्या सकाळी ते पांढरा सदरा घालून निघाले आणि पुढच्याच चौकात थबकले. तिथल्या मंडळाच्या बॅनरला तीच किनार. तीच पानं, तेच वळण. आणि डाव्या कोपऱ्यात, शेवटच्या पानाच्या देठाशी, आबांनी प्रत्येक कामात लपवून ठेवायचा तो लाल ठिपका. चोराने तो पुसलाही नव्हता! बॅनर हितेंद्रने केलेलं. हितेंद्र म्हणजे आबांचा प्रतिस्पर्धी, आणि प्राचीच्या कोर्समधला वर्गमित्र. एका लग्नात दोघं आइस्क्रीमचे कप हातात धरून हसत बोलताना आबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. झालं. आबांना आणखी पुरावा कशाला हवा?

ते कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर निदान भांडण होऊन मिटलं असतं. त्यांनी काय करावं? मॅक विकणाऱ्या नाशिकच्या माणसाला फोन केला आणि विचारून विचारून डिस्कलाच कुलूप लावलं. मशीन सुरू होतानाच पासवर्ड मागेल, तो टाकल्याशिवाय आतलं एक अक्षर कुणाला दिसणार नाही, असं कुलूप. पासवर्ड त्या दिवशी रागाच्या भरात जो मनात होता तोच त्यांनी एका बोटाने हुडकत हुडकत टाकला.

तेव्हापासून वर्षभर एकच क्रम. सकाळी आबा पुढच्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. बुद्धांच्या मूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, वंदना घ्यायची, पंचशील म्हणायचं. चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते जरा खड्या आवाजात. मग किसणीचं बटण दाबायचं, पासवर्ड टाकायचा आणि दार उघडायचं. दिवसभर कुणीही काम करा, पण मशीन बंद-चालू आबाच करणार, हा घरचा नियम. प्राचीला वाटायचं, आबांना वंदनेनंतर स्वतःच्या हाताने काम सुरू करायला आवडतं. तिला त्याचं कौतुकच होतं, बिचारीला!

यंदा एप्रिल लागला, धुळ्याचं ऊन कूलरलाही दाद देईना, आणि एका दुपारी किसणीच्या पडद्यावर हिरवे-गुलाबी पट्टे आले. दोन दिवस पट्टे राहिले, मग पडदा गेला. प्राची म्हणाली ग्राफिक्स कार्ड जळालं, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा आतला भाग. वेळ तर बघा! जयंतीची स्मरणिका डिस्कवर अडकलेली. वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी, त्यांचे फोटो. प्राचीने हिवाळाभर घरोघर फिरून, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून ते लिहून घेतलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, "आबा, परवा दुपारपर्यंत फाइल द्या. नाहीतर हितेंद्रकडून चार पानांचं काहीतरी करून घेतो. जयंती थांबणार नाही."

धुळ्यात कुणी त्या डब्याला हात लावेना. जळगावच्या मार्केटात रोनक म्हणून एक जण जुने मॅक दुरुस्त करतो, असं प्राचीने शोधून काढलं. तिने शोधलं, म्हणून आबांना तोही संशयास्पद वाटला. पण इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीचं दार लावून डिस्क आधी बाहेर काढली. त्या मशीनला एक सोय आहे, टेबलाच्या खणासारखी डिस्क ओढली की निघते. ती बनियनमध्ये गुंडाळून पिशवीत घातली आणि पिशवी छातीशी धरली. मशीनला गोधडी गुंडाळली. एसटीत कंडक्टरने विचारलं, "बाबा, काय शे यामा?"

"शिलाई मशीन," आबा म्हणाले.

रोनक तिशीतला, चष्मेवाला, जैन घरातला मुलगा. दुकानात शिरताच त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली. एवढी खातिरदारी बघून आबांनी पिशवी आणखी घट्ट धरली.

"काका, मॅकचं अस्सल कार्ड आता मिळणं कठीण," रोनक म्हणाला. "मिळालं तरी तेही म्हातारंच असणार. मी पीसीचं, म्हणजे साध्या कॉम्प्युटरचं कार्ड टाकतो. मस्त चालतं."

"पीसीचं? मॅकमध्ये? बैलगाडीला स्कूटरचं चाक?"

"गाडी पळाल्याशी मतलब, काका." रोनक हसला. "एकच गोष्ट लक्षात ठेवा. मशीन सुरू केलं की पहिलं ते कंपनीचं सफरचंद दिसायचं ना, ते दिसणार नाही. पीसीच्या कार्डाला मॅकची सुरुवातीची बोली कळत नाही. आतली सिस्टीम पूर्ण उठली, तिने कार्डाला हात दिला, की मग चित्र येतं. तोवर पडदा काळा."

"काळा म्हणजे बंद?"

"बंद नाही. नुसता काळा."

काळा आहे पण बंद नाही! निवडणुकीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडी शोभावं असं हे बोलणं आबांनी मनात बाजूला काढून ठेवलं.

"तुमची डिस्क कुठाय? लावून दाखवतो," रोनक म्हणाला.

"घरी," आबा म्हणाले. डिस्क काखेत होती.

"बरं, माझी लावतो."

त्याआधी आबांनी नवं कार्ड हातात मागून घेतलं. खिशातून लाल नेलपेंटची बाटली काढली. एसटीत ऑइलपेंट सांडेल म्हणून ती त्यांनी प्राचीच्या टेबलावरून उचलली होती, न विचारता. कार्डाच्या कडेला त्यांनी ठिपका दिला आणि फुंकर मारून वाळवला. रोनक बघत राहिला. कार्ड बसलं, रोनकची डिस्क लागली, बटण दाबलं. 'ढँऽऽ' असा मॅकचा नेहमीचा आवाज झाला. पडदा काळाच राहिला. आबांचे डोळे बारीक झाले. आणि मग एकदम चित्र आलं, लख्ख, पहिल्यापेक्षाही चांगलं.

रोनक बोलका होता. काम करता करता म्हणाला, "बॅनरं पण करता का, काका? फ्लेक्स इथेच जळगावला छापून घेत असाल. तुमच्या धुळ्याचे बरेच जण इथेच येतात. पण जरा जपून हं. त्या छापखान्यात सगळ्यांच्या फायली एकाच कॉम्प्युटरवर उघड्या पडलेल्या असतात. परवा तिथे रिपेअरला गेलो, तर एक जण दुसऱ्याच्याच फाइलमधली फुलं-पानं उचलत बसलेला."

"तुम्ही तुमचं काम बघा," आबा म्हणाले. माणसाला गोष्टीत गुंतवायचं आणि तेवढ्यात हात मारायचा, ही जुनी तऱ्हा त्यांना ठाऊक होती. पण नको तेच झालं. पाणी जास्त झालं होतं, त्यांना लघवीला जावं लागलं. धावत गेले, धावत आले, तर रोनक मशीनचं झाकण बंद करत होता. परतीच्या एसटीत, पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत, ते त्या बंद होणाऱ्या झाकणाचाच विचार करत राहिले.

घरी पोचल्यावर प्राचीने दुसऱ्या बाजूने हात लावून मशीन आत घेतलं. आबा पाय धुवून आले. तिला बाहेर काढलं, दार लावलं, आपली डिस्क खणात सरकवली, बटण दाबलं. 'ढँऽऽ' झालं. पडदा काळा. आबा बसले. सफरचंद दिसणार नाही म्हणाला होता, ठीक. चित्र आलं की आपण पासवर्ड टाकू. तांब्यातलं पाणी संपलं, मशीनमधला पंखा घूं घूं करत राहिला, पडदा काळा तो काळाच. बंद केलं, पुन्हा लावलं. तेच.

"फसवलं!" आबा दार उघडून ओरडले. "मी लघवीला गेलो तेवढ्यात कार्ड बदललं हरामखोराने!"

रोनकला फोन लावला, तर त्याने उचलला नाही. प्राची म्हणाली, "आबा, जैन लोक आहेत, सूर्य मावळायच्या आत जेवून घेतात. जेवत असेल."

"जेवत नाही, पळाला तो!"

पार्वताबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या, त्या आतूनच म्हणाल्या, "बठ्ठं जग चोर, न् तुम्ही एकला साव शेतस का?"

आबांनी मशीनचं झाकण उघडलं, चष्मा कपाळावर सारून आत डोकं घातलं. कार्डाच्या कडेला लाल ठिपका होता. त्यांनीच दिलेला, जरासा ओघळलेला. कार्ड तेच होतं. मग? संशयाला आता दुसरी जागा हवी होती, आणि ती फार लांब नव्हती. आपण पाय धुवायला मोरीत गेलो, तेव्हा मशीनपाशी कोण होतं? स्मरणिका आपल्याकडून गेली तर काम कुणाकडे जाणार? हितेंद्रकडे. सगळं कसं बरोबर जुळत होतं.

"प्राची, मशीनला हात कुठे लावलास?"

"उचलायला लावला, आबा."

"आणि?"

"आणि काय?" तिने त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी नजर फिरवली, पण फिरवायच्या आधी त्या नजरेने जे बोलायचं ते बोलून टाकलं होतं. प्राची आत गेली.

तेवढ्यात रोनकचा फोन आला. प्राचीनेच उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. रोनक धीराने एकेक विचारत गेला. आवाज येतो का? येतो. पंखा फिरतो? फिरतो. पडद्याची वायर घट्ट आहे? आहे.

"मग एकच शंका आहे," रोनक म्हणाला. "काका, डिस्कला कुलूप तर नाही ना लावलेलं? पासवर्डचं?"

प्राचीने आबांकडे पाहिलं. पार्वताबाई पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या होत्या. कुलूप आहे म्हणावं, तर पुढचा प्रश्न कशासाठी, आणि त्याच्या पुढचा कुणापासून.

"नाही," आबा म्हणाले.

"नक्की? कारण तसं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. मशीन आत अंधारातच पासवर्ड मागत बसलं असेल. सिस्टीम उठल्याशिवाय कार्ड चित्र देत नाही, आणि पासवर्डाशिवाय सिस्टीम उठत नाही. तुम्हाला नुसतं काळं दिसणार. न बघता पासवर्ड टाकून एंटर मारलं तरी उघडतं."

"नाही म्हटलं ना!"

"मग मशीन परत आणा, काका. इथे बघू."

"उद्या दुपारी फाइल द्यायचीय हो," प्राची म्हणाली. "जाऊन येईपर्यंत सगळं संपेल."

फोन बंद झाला. आबांना सगळं कळलं होतं. रोनकने फसवलं नव्हतं, प्राचीने हात मारला नव्हता. त्यांनीच लावलेलं कुलूप अंधारात त्यांचीच वाट बघत बसलं होतं.

सकाळी त्यांनी नेहमीपेक्षा लवकर दार लोटलं. मेणबत्ती लावली. चौथं शील आज ओठातल्या ओठात झालं. बटण दाबलं आणि काळ्या पडद्यासमोर बसून एका बोटाने अक्षरं हुडकायला लागले. एरवी एक अक्षर दाबलं की पडद्यावर एक टिंब उमटायचं, त्यावरून कळायचं. आज काहीच कळेना. बटण दाबलं गेलं की नाही? दोनदा तर नाही ना दाबलं? बोटाला घाम आला, बोट घसरलं. एंटर मारला. काळं. पुन्हा पहिल्यापासून. काळं. आपण चुकतोय, की मशीन विचारतच नाहीये, हेही त्यांना उमगेना. आयुष्यात पहिल्यांदा देवचंद आबांना वाटलं की कुणीतरी मदतीला यावं. आणि जी एकच व्यक्ती मदत करू शकत होती, तिच्यापासूनच तर हे सगळं लपवलेलं.

दारावर टकटक झाली. प्राची होती.

"आबा, अध्यक्षांचा फोन होता. बाराच्या पुढे थांबणार नाही म्हणाले." ती आत आली, काळ्या पडद्याकडे बघत उभी राहिली. "ते जाऊ द्या एक वेळ. काम दुसऱ्याला गेलं तरी चालेल मला. पण यशोदाबाई आजी फेब्रुवारीत वारल्या. विहारासाठी डोक्यावर विटा वाहिल्या, ते त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. आता परत कुणाला विचारू? ते तरी वाचवा हो." तिने पदराने डोळे पुसले. "आणि कालपासून तुम्ही माझ्याकडे असं का बघताय? मी काय केलं?"

मूर्तीपुढची मेणबत्ती अजून जळत होती. आबा तिकडे बघूनच बोलले.

"कुलूप आहे."

"काय?"

"डिस्कला. गेल्या जयंतीनंतर मीच लावलं."

प्राचीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अहो मग काही बिघडलंच नाही! काल रोनकला का नाही सांगितलं? किती जीव टांगणीला!" ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा. "बरं केलंत कुलूप लावलंत ते. त्या हितेंद्रने चोरलंच होतं. सांगा पासवर्ड."

"मी टाकतो."

"बघितल्याशिवाय तुम्हाला अक्षर सापडत नाही, आबा. इंग्रजीत आहे ना? एकेक अक्षर सांगा, मी टाकते." तिची बोटं की-बोर्डवर तयार होती.

आबा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. बाहेर पार्वताबाई अंगण झाडत होत्या, त्या झाडू टेकवून दारात आल्या.

"पी," आबा म्हणाले. "आर. ए. सी. एच. आय."

टाइप करता करता प्राची थांबली. हळूहळू तिच्या तोंडावर हसू पसरलं, असं हसू आबांनी लग्नानंतर तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. "माझं नाव? आबा, माझं नाव ठेवलंत?" आणि दाराकडे बघून सासूला म्हणाली, "अक्का, ऐकलं का? पासवर्ड माझं नाव शे!"

"घ्या माय!" पार्वताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "वरथीन दगड, न् मनमा पोरनं नाव!"

प्राचीने डोळे पुन्हा पुसले, या वेळी हसत. "एवढंच ना? एंटर मारू?"

आता बघा, 'एवढंच' म्हणायला काय लागत होतं? कुलूप उघडलं नसतं, एवढंच. स्मरणिका गेली असती, यशोदाबाईच्या विटा गेल्या असत्या, पण या मुलीच्या तोंडावरचं हसू राहिलं असतं. सासऱ्याने आपलं नाव जपलं असं ती जन्मभर माहेरी सांगत राहिली असती. आबांची जीभ 'हो'पर्यंत आली. वर्षभर रोज सकाळी इथेच, या मेणबत्तीपुढे, खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा घेऊन पुढच्याच घटकेला आपण या पोरीच्या नावापुढे काय लिहीत होतो, ते त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची किळस आली.

"नाही," ते म्हणाले. "पुढे आहे."

"सांगा."

"सी." तिने टाकला. "एच." तिने टाकला. "ओ."

'ओ'वर तिचं बोट राहिलं. ती वळली नाही. आबांना तिची फक्त पाठ दिसत होती, आणि कानातलं डूल, जे हलायचं थांबलं होतं. शेवटचं अक्षर सांगायला आबांनी तोंड उघडलं. तिने वाट पाहिली नाही. आर तिने स्वतःच दाबला, आणि मग एंटर.

पडदा काळाच होता. मग चित्र आलं.

"उनं! चित्र उनं वं माय!" पार्वताबाईंनी टाळी वाजवली. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. "मी सांगस ना, बठ्ठं ठीक व्हई जाई!" आणि त्या खुशीत चहा ठेवायला आत गेल्या.

प्राचीने स्मरणिका उघडली. सगळं जिथल्या तिथे होतं. यशोदाबाई फोटोतून बघत होत्या. तिने शेवटची पानं लावली, फाइल पाठवली, अध्यक्षांना फोन करून शांतपणे सांगितलं, "गेली बघा. उघडून घ्या." मग एक कोरी डिस्क काढून तिने सगळ्याची एक प्रत करायला लावली. विचारलं नाही. आबांनी खिशातली नेलपेंटची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ही तुझी."

"हो. काल शोधत होते मी."

"हितेंद्रने ते जळगावच्या छापखान्यातून उचललं असणार," आबा म्हणाले. "रोनक सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही."

"मला गेल्या वर्षीच माहीत होतं. मी त्याच्याशी भांडून आले होते त्यावरून. तुम्हाला सांगणार होते." ती पडद्याकडेच बघत होती. "पण तुम्ही माझ्याशी बोलणंच सोडलं होतं."

"पोरी, माझं चुकलं," आबा म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते, त्यामुळे ते नीट निघाले नाहीत, अडखळत निघाले.

प्राचीने माऊस हलवला, एक चौकट उघडली. "पासवर्ड बदलतेय," म्हणाली. आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बटणांचा आवाज झाला. ती उठली, नेलपेंटची बाटली उचलली, आणि आत जायला निघाली.

"काय ठेवलास?" आबांनी विचारलं.

"तुमचं नाव."

नुसतं नाव, की पुढेही काही? हा प्रश्न आबांच्या अगदी ओठावर होता. पण तो विचारायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी वंदना घेतली, आणि खोलीचं दार उघडंच ठेवलं. प्राची ओल्या केसांनी आली, मूर्तीला हात जोडले, बटण दाबलं. 'ढँऽऽ' झालं. काळ्या पडद्यासमोर बसून ती टाइप करायला लागली. आबा चष्मा पुसण्याच्या निमित्ताने मागे उभे राहिले आणि कान देऊन एकेक टकटक मोजायला लागले. देवचंद, इंग्रजीत आठ अक्षरं. पण तिची बोटं इतकी भरभर चालली की त्यांना काही मोजता आलं नाही.